आठ तासांचा सोलर कोर्स आणि चार तासांचं लायसन्स

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही ह्यूस्टनमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहात, पीई, म्हणजे लायसन्सधारक प्रोफेशनल इंजिनिअर, आहात, ओशाचे, म्हणजे कामगार सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचे, आउटरीच ट्रेनरही आहात. सोलर आणि बॅटरी स्टोरेजवर आठ तासांचा व्हिडिओ कोर्स तयार केलात. इलेक्ट्रिशियनना लायसन्सच्या नूतनीकरणासाठी सीईचे, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशनचे, जे तास भरावे लागतात त्यासाठी तो विकायचा आहे. टेक्सासमध्ये अर्ज केलात, तो ‘आराखडा अपुरा, विषय नियमाशी जुळत नाहीत’ अशा शेऱ्यासह परत आला. आता तुम्ही विचारताय की सगळ्या अमेरिकेत चालेल अशी एकच मान्यता कुठे मिळते, प्रशिक्षण देणाऱ्यांना मान्यता देणाऱ्या आयएसीईटी या संस्थेची मान्यता घेतली तर काम होईल का, आणि फ्लोरिडा, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया एकदमच उरकता येतील का.

एकच मान्यता कुठेच मिळत नाही. पण तुमचं घोडं तिथे अडलेलंच नाही. कोर्स आधी तयार झाला आणि नियम नंतर वाचायला घेतला, तिथे ते अडलंय. इंजिनिअर मंडळींचं हे हमखास होतं. विषय हातचा असतो, उत्साह दांडगा असतो, कॅमेरा लावला की आठ तास कसे भरले ते कळत नाही. मान्यता देणारा माणूस मात्र तुमचं ज्ञान तपासायला बसलेला नसतो. त्याच्यापुढे नियमातल्या विषयांची यादी असते आणि त्यातली एकेक ओळ तो तुमच्या अर्जात शोधतो. सापडली की खूण, नाही सापडली की अर्ज परत. मी प्रशिक्षण कंपन्यांसाठी असे अर्ज तयार करण्याचंच काम करते, आणि माझ्यापर्यंत येणारे अडलेले अर्ज बहुतेक याच एका कारणाने अडलेले असतात. राज्य एक धरा, ट्रेड एक धरा, त्याचा नियम समोर ठेवा आणि मग कोर्स बांधा.

आता देशभर चालणारी मान्यता का नाही ते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाले यांची लायसन्सं हा इथे राज्यांचा विषय आहे, आणि काही राज्यांनी तो शहरांवर सोडलाय. पेनसिल्व्हेनियात इलेक्ट्रिशियनला राज्याचं लायसन्सच नाही. फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आपापलं देतात. महाराष्ट्रातून आलेल्यांना हे विचित्र वाटतं, कारण तिकडे वायरमन, सुपरवायझर आणि विद्युत ठेकेदार या तिघांनाही राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचंच दार ठोठवावं लागतं. इथे एका राज्यातसुद्धा दारं वेगवेगळी असतात. टेक्सासमध्ये इलेक्ट्रिशियन आणि एसी कॉन्ट्रॅक्टर टीडीएलआरकडे, म्हणजे राज्याच्या परवाना आणि नियमन खात्याकडे. प्लंबर मात्र स्वतंत्र प्लंबिंग मंडळाकडे. २०१९ मध्ये हे मंडळ बंदच पडायच्या बेतात होतं. विधानसभेचं अधिवेशन मुदतवाढ न देताच संपलं, आणि मग गव्हर्नर अ‍ॅबट यांनी हार्वे वादळानंतरच्या पुनर्बांधणीचं कारण देऊन कार्यकारी आदेशाने ते २०२१ पर्यंत टिकवलं. त्या काळात प्लंबरांचे कोर्स विकणाऱ्यांची काय घालमेल झाली असेल याची कल्पना करा. आपला धंदा कुठल्या नियमाच्या खुंटीवर टांगलेला आहे हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

कॅलिफोर्नियाची तर आणखी गंमत. तिथल्या कॉन्ट्रॅक्टर लायसन्स मंडळाची सीईची अटच नाही. ‘कॅलिफोर्नियाच्या कॉन्ट्रॅक्टरांना कोर्स विकू’ असा बेत असेल तर तो इथेच थांबवा. पण कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तिथे राज्याचं सर्टिफिकेशन लागतं, ते वेगळ्या खात्याचं असतं, आणि त्याच्या नूतनीकरणाला तीन वर्षांत ३२ तास लागतात. राज्य तेच, वायर तीच, एकाला शून्य तास आणि दुसऱ्याला ३२.

तुमच्या टेक्सासच्या अर्जाकडे येते. टेक्सासमध्ये इलेक्ट्रिशियनला दर वर्षी चार तास लागतात. त्या चार तासांत तीन गोष्टी असाव्या लागतात: नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे एनईसी, लायसन्सधारकांना लागू होणारे टेक्सासचे कायदे आणि नियम, आणि एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ७०ई या मानकात सांगितलेली विद्युत सुरक्षा. आता तुमचा कोर्स या मापाने बघा. आठ तास म्हणजे गरजेच्या दुप्पट. टेक्सासच्या कायद्याचं त्यात नाव नाही. सुरक्षेचा भाग ओशाच्या दहा तासांच्या वर्गातून उचललेला, म्हणजे शिड्या, पडण्यापासून बचाव, हेल्मेट. छतावर चढणाऱ्याला ते सगळं हवंच, पण नियमाने मागितलंय ७०ई. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, ज्याला चार तासांत सुटका हवी आहे तो इलेक्ट्रिशियन आठ तासांचे पैसे का देईल?

मी तुमच्या जागी असते तर या कोर्समधून टेक्साससाठी चार तासांचा वेगळा कोर्स काढला असता. चार तास म्हणजे २०० मिनिटं, कारण टेक्सासमध्ये प्रत्यक्ष शिकवण्याची ५० मिनिटं म्हणजे एक तास धरतात. फ्लोरिडातही तसंच आहे. यात चहापाणी, ओळखपरेड, नोंदणी धरायची नाही. २०० मिनिटांची माझी वाटणी साधारण अशी असते: एनईसीला ११०, टेक्सासच्या कायद्याला ४५, ७०ईला ४५. हे आकडे नियमातले नाहीत, माझ्या सवयीचे आहेत, पण तिन्ही विषयांना भरीव वेळ दिलेला दिसला की तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो.

तुमच्या आराखड्यात एक ओळ आहे: ‘सोलर यंत्रणेची ओळख आणि एनईसीच्या तरतुदी, २ तास.’ अर्ज याच ओळीने पाडला. या दोन तासांत काय शिकवणार, कशावरून शिकवणार, त्याला किती वेळ देणार, काहीच कळत नाही. तोच मजकूर असा लिहा. आर्टिकल ६९०.१२, रॅपिड शटडाउन, म्हणजे यंत्रणा झटपट बंद करणं: अ‍ॅरेच्या, म्हणजे सोलर पॅनलांच्या संचाच्या, सीमेबाहेरच्या वायरींवरचं व्होल्टेज ३० सेकंदांत ३० व्होल्टच्या आत यायला हवं, सीमेच्या आतल्या वायरींसाठी दिलेल्या पर्यायांपैकी एकात ही मर्यादा ८० व्होल्ट, स्विचची जागा आणि पाटी, २५ मिनिटं. आर्टिकल ७०५.१२, घरच्या वीज पॅनलच्या बसबारवर, म्हणजे ब्रेकरना वीज पुरवणाऱ्या पट्टीवर, सोलरची डीसी वीज एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची जोडणी, सोडवलेल्या गणितासह, ३० मिनिटं. आर्टिकल ७०६, बॅटरी स्टोरेज, ३० मिनिटं. अलीकडच्या आवृत्त्यांमधले घरगुती कामातले बदल, उदाहरणार्थ २३०.६७ मधलं सर्ज प्रोटेक्शन आणि २३०.८५ मधला घराबाहेरचा आपत्कालीन डिस्कनेक्ट, २५ मिनिटं. बेरीज ११०. प्रत्येक ओळीसमोर कलम आहे, मिनिटं आहेत आणि नेमकं काय शिकवायचं तेही आहे. हे वाचणाऱ्याला तुम्हाला काही विचारायची वेळच येत नाही.

परीक्षेच्या प्रश्नांचंही तसंच. तुमचे नमुन्याचे प्रश्न मी पाहिले. ‘सोलर सेल कोणत्या पदार्थाचा बनतो?’ हा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला प्रश्न झाला. त्याऐवजी हे विचारा: घरच्या वीज पॅनलचा बसबार २०० अँपिअरचा, मेन ब्रेकरही २०० अँपिअरचा, आणि सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला लावायचा आहे; १२० टक्क्यांच्या नियमाने इन्व्हर्टरचा जास्तीत जास्त आउटपुट करंट किती चालेल? २०० चे १२० टक्के २४०, त्यातून मेनचे २०० गेले, राहिले ४०. इन्व्हर्टरचा करंट सव्वापट धरायचा असतो, म्हणून ४० भागिले १.२५, उत्तर ३२ अँपिअर. ज्याने आर्टिकल ७०५ नीट ऐकलंय त्यालाच हे जमतं, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर नेमकं हेच करायचं असतं.

७०ईच्या भागात तुमचा सोलरचा अनुभव वाया जायचं काहीच कारण नाही, फक्त तो त्या मानकाच्या चौकटीत बसवा. इन्व्हर्टर बंद केला, लॉक लावलं, टॅग लावला, तरी उन्हात पडलेलं सोलर पॅनल स्वतःपुरतं व्होल्टेज देतच राहतं. मग ‘विजेपासून सुरक्षित स्थिती’ कुठल्या टोकाला खरी मानायची, तपासणी कुठे करायची, कोणते हातमोजे घालायचे? ७०ई शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. कायद्याच्या भागाला लोक कंटाळतात, म्हणून तोही सोलरशी जोडा. ऑक्युपेशन्स कोडचं प्रकरण १३०५ आणि टीडीएलआरचे प्रकरण ७३ मधले नियम उघडून बसा: कुठलं काम लायसन्सशिवाय करता येत नाही, अप्रेंटिसवर देखरेख कोणी करायची, गाडीवर कंपनीचं नाव आणि लायसन्स नंबर का असावा लागतो. सोलर विकणाऱ्या कंपन्यांचा नेमका इथेच गोंधळ असतो, त्यामुळे वर्ग जागा राहतो.

मग मूळ आठ तासांच्या कोर्सचं काय? तो टाकून देऊ नका. वॉशिंग्टनमध्ये इलेक्ट्रिशियनला तीन वर्षांत २४ तास लागतात. त्यात किमान आठ एनईसीमधल्या बदलांवर आणि चार राज्याच्या विद्युत कायद्या-नियमांवर हवेत. उरलेले तास ट्रेडशी संबंधित इतर विषयांत भरता येतात. त्या उरलेल्या जागेत तुमचा आठ तासांचा सोलर अलगद बसतो. मिनेसोटात दोन वर्षांत १६ तास लागतात आणि त्यातला मोठा वाटा, किमान १२ तास, एनईसीचा. तिथे तुमचा कोर्स चालेल की नाही हे तो किती कोडवर आधारलेला आहे यावर ठरेल. सोलरचं अर्थकारण, वीज बिलातली बचत, सबसिडी असले भाग तिथे कापावेच लागतील.

फ्लोरिडाला उडी मारण्यापूर्वी जरा थांबा. तिथे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरांचं मंडळ वेगळं आणि बांधकाम कॉन्ट्रॅक्टरांचं वेगळं. सोलर कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स या दुसऱ्या मंडळाच्या अखत्यारीत येतं. म्हणजे एकाच छतावर काम करणाऱ्या दोघांना एकच कोर्स विकायचा तर अर्ज दोन मंडळांकडे. बांधकाम मंडळाचे १४ तास दर दोन वर्षांनी, त्यात कामाच्या जागेची सुरक्षा, कामगार भरपाई, व्यवसायपद्धती, कायदे-नियम असे ठरलेले एकेक तास. बिल्डिंग कोडचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ समजला जाणारा तास द्यायचा असेल तर आधी फ्लोरिडा बिल्डिंग कमिशनकडून तो मान्य करून घ्यायचा आणि मग मंडळाकडे जायचं. शिवाय मंडळांच्या बैठका ठरलेल्या असतात; त्यांच्या तारखा पाहूनच अर्ज टाका. आणि धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवा: राज्यस्तरीय कॉन्ट्रॅक्टर लायसन्सची मुदत तिथे सम वर्षांच्या ३१ ऑगस्टला एकदम संपते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी उसळते, मग दीड वर्ष शुकशुकाट. टेक्सासमध्ये प्रत्येकाची तारीख वेगळी, त्यामुळे गिऱ्हाईक वर्षभर येत राहतं. नव्या माणसाने टेक्सासपासून सुरुवात करावी असं मी म्हणते ते यासाठीही.

आयएसीईटीबद्दल. त्यांचं काम चांगलं आहे, त्यांच्या हिशेबात एक सीईयू म्हणजे दहा संपर्क तास, आणि मोठ्या कंपन्या प्रशिक्षण विकत घेताना ती मान्यता पाहतात. पण राज्याच्या लायसन्स मंडळाला ती बांधील करत नाही. एखादं राज्य तिच्या जोरावर तुमची कागदपत्रं कमी करेल, दुसरं विचारणारही नाही. पहिल्याच वर्षी त्यावर पैसे घालू नका. पीईचंही तसंच आहे. शिकवणाऱ्याची पात्रता राज्यागणिक बदलते. काही ठिकाणी पीई पुरतं, काही ठिकाणी मास्टर इलेक्ट्रिशियनचं लायसन्स किंवा ट्रेडमधला प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. तुमचा बायोडेटा इंजिनिअरच्या नोकरीसाठी लिहिल्यासारखा आहे. त्यात साइटवर काय केलंत आणि कोड कुठे शिकवलात हे वर आणा, पेटंट खाली ढकला. ओशाचं ट्रेनर कार्ड जोडायला हरकत नाही, मात्र दहा आणि तीस तासांचे ते वर्ग ऐच्छिक आहेत आणि ते सर्टिफिकेशन नव्हे असं ओशा स्वतःच सांगतं.

व्हिडिओच्या स्लाइडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. तुम्ही एनईसीची पानंच्या पानं स्कॅन करून लावली आहेत. कोडच्या मजकुरावर एनएफपीएचा कॉपीराइट आहे. २०२३ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयाने कायद्यात समाविष्ट झालेली मानकं लोकांना विनामूल्य उपलब्ध करून देणाऱ्या एका ना-नफा संस्थेच्या बाजूने निकाल दिला, त्याचा आधार घेऊन लोक मला वाद घालतात. ती संस्था ते फुकट देत होती. तुम्ही कोर्स विकणार आहात. कलमाचा क्रमांक द्या, अर्थ तुमच्या शब्दांत सांगा, आकृती स्वतः काढा, आणि विद्यार्थ्याने कोडची प्रत सोबत ठेवावी असं सांगा. कोर्सही त्याने सुधारेल. तसंच बॅटरीच्या एका ब्रँडचं नाव प्रत्येक स्लाइडवर आहे, ते काढा. विक्रीचा वास आला की अर्ज अडतो.

ऑनलाइन कोर्सला वर्गातल्या कोर्सपेक्षा जास्त प्रश्न येतात. समोर बसलेला माणूस तोच आहे हे कसं ओळखणार? व्हिडिओ पुढे ढकलून दहा मिनिटांत संपवता येतो का? मध्ये लॉगआउट झाला तर वेळ कसा मोजणार? मदतीसाठी कोणाला फोन करायचा? याची उत्तरं स्क्रीनशॉटसह अर्जात जोडा आणि तपासणाऱ्याला चालू लॉगिन द्या. मान्यता ज्या पद्धतीसाठी मिळते त्याच पद्धतीने शिकवायचं. वर्गासाठी मान्य झालेला कोर्स परस्पर व्हिडिओवर चढवायचा नाही. आणि मान्यतेचं पत्र हातात येण्याआधी वेबसाइटवर ‘राज्यमान्य’ लिहू नका. तुमच्या साइटवर ते आत्ताच लिहिलेलं दिसतंय, ते आजच उतरवा.

मान्यता मिळाल्यावरच खरं रोजचं काम सुरू होतं. टेक्सासमध्ये कोर्स संपवलेल्यांची माहिती राज्याला ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी प्रोव्हायडरची, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेची किंवा व्यक्तीची, असते. एक आकडा चुकला की कुणाचं तरी नूतनीकरण अडतं, आणि तो तुम्हाला साइटवरून, मागे ड्रिल चालू असताना, तावातावाने फोन करतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच लायसन्स नंबर राज्याच्या यादीशी ताडून घेणारी सोय करा. दुसरं, कोड दर तीन वर्षांनी बदलतो. टेक्सासने २०२३ची आवृत्ती १ सप्टेंबर २०२३ पासून लागू केली; आता २०२६ची आवृत्तीही आली आहे. तुमचं राज्य ती ज्या दिवशी लागू करेल, त्या दिवशी तुमचे व्हिडिओ शिळे. एक सलग आठ तासांची फिल्म बनवण्यापेक्षा कलमागणिक छोटे तुकडे ठेवा, म्हणजे ६९० बदललं तर तेवढंच पुन्हा चित्रित करता येईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुम्हाला शिकवायला आवडतं आणि हिशेब, फोन, रिपोर्टिंग यांचा वैताग नको असेल, तर स्वतः प्रोव्हायडर होऊच नका. आधीपासून मान्यता असलेल्या एखाद्या प्रोव्हायडरला कोर्स द्या, मान्यता त्यांच्या नावावर, तुम्हाला मानधन किंवा विक्रीतला वाटा. पैसे कमी, झोप जास्त. पण तुमच्या ओळखीत दोन-चार मोठे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर असतील आणि ते आपली सगळी माणसं तुमच्याकडे पाठवणार असतील, तर स्वतःचं दुकान टाकणं परवडतं.

कन्सल्टंट लावावा का, असंही विचारलंत. मी स्वतः हेच काम करून पोट भरते, तरीही सांगते: पहिल्या टेक्सासच्या अर्जाला गरज नाही. परत आलेलं पत्र घ्या, त्यातला प्रत्येक शेरा एका रकान्यात लिहा, शेजारच्या रकान्यात तुम्ही काय बदललंत आणि ते नव्या आराखड्यात कुठल्या पानावर आहे ते लिहा. रागाने लांबलचक पत्र लिहू नका, ‘मी पीई आहे’ हे वाक्यही नको. शेऱ्याचा अर्थ लागत नसेल तर फोन करून ‘हा शेरा नियमाच्या कुठल्या कलमाखाली आहे’ एवढंच विचारा. त्या कार्यालयांतली माणसं बहुतेक वेळा सरळ उत्तर देतात. चार राज्यांत एकदम जायची वेळ आली की मग कन्सल्टंटचा विचार करा. नवा २०० मिनिटांचा आराखडा तयार झाला की सादर करण्याआधी मला पाठवा, बेरीज आणि कलमं मी एकदा नजरेखालून घालते.